व्हर्सायचे 'जळालेले' हिशेब

आमच्याकडील इतिहासवाचकास फ्रान्सचा चौदावा लुई ठाऊक असतो तो बहुधा तीन गोष्टींवरून. 'राज्य म्हणजे मीच' असें तो म्हणाला. व्हर्सायच्या राजवाड्यापायीं त्यानें प्रजेस भिकेस लाविलें. आणि त्या राजवाड्याचा खर्च जगास कळूं नये म्हणून त्यानें हिशेबाचे कागद स्वतःच्या हातानें अग्नींत टाकिले. यांपैकीं पहिली गोष्ट समकालीन कागदावर टिकत नाहीं. १६५५ च्या एप्रिलांत पॅरिसच्या पार्लमांपुढें हे शब्द उच्चारले गेले असें सांगतात, पण त्या दिवसाच्या वृत्तांतांत ते नाहींत. दुसरी गोष्ट अर्धी खरी व अर्धी खोटी आहे. तिसरी सर्वस्वीं खोटी असून तिच्या खोटेपणाचा पुरावा पांच जाड खंडांत छापून निघाला त्यास शंभरांवर वर्षें लोटलीं आहेत. तरीहि ती मरत नाहीं. जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या मंडळींस या तिसऱ्या गोष्टीचें महत्त्व विशेष वाटावें, म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही मुख्यतः तिचाच विचार करितों.

लुई १६४३ सालीं, वयाचें पांचवें वर्ष चालू असतां, गादीवर आला व १ सप्टेंबर १७१५ रोजीं व्हर्साय येथें वारला. ७२ वर्षांच्या या कारकीर्दीपैकीं पहिलीं १८ वर्षें खरी सत्ता प्रथम त्याच्या आईच्या व पुढें कार्डिनल माझारँच्या हातीं होती. १६६१ च्या मार्चांत माझारँ वारला, आणि लुईनें मुख्य प्रधान नेमण्याचेंच सोडून दिलें. त्याच वर्षीं ऑगस्टांत कोषाधिकारी फूके यानें व्हो येथील आपल्या नव्या वाड्यांत राजास थाटाची मेजवानी दिली व तीन आठवड्यांच्या आंत तो कैदेंत पडला. तो वाडा उभारणारे तिघे, शिल्पी ल व्हो, चित्रकार ल ब्रँ व उद्यानकार ल नोत्र, पुढें व्हर्सायच्या कामावर दिसूं लागतात. व्हर्साय म्हणजे त्या वेळीं लुईच्या बापानें बांधिलेली एक विटांची शिकारवाडी होती. हा कथाभाग सर्वश्रुत आहे. त्यावर अधिक लिहिण्याचें कारण नाहीं.

१६६४ सालीं कोलबेर हा राजाच्या इमारतखात्याचा मुख्य अधिकारी झाला, आणि त्या वर्षापासूनच्या खात्याच्या वार्षिक वह्या आज उपलब्ध आहेत. (याच सालच्या जानेवारींत शिवाजी महाराजांनीं सुरत लुटली, व याच सालीं याच कोलबेरनें फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढिली. चार वर्षांनीं तिची वखार त्याच सुरतेंत पडली.) पॅरिसच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यांत असलेल्या या वह्यांत स्तुति नाहीं व निंदाहि नाहीं. अमक्या तारखेस अमक्या पाथरवटास, सुतारास, शिशाचे नळ ओतणारास, मूर्तिकारास किंवा माळ्यास अमुक कामाबद्दल अमुक रक्कम पोंचविली, एवढेंच. चलन लिव्र, एका लिव्रचे २० सू व एका सूचे १२ दनिए. म्हणजे शेवटची पायरी आमच्या जुन्या आणे-पैसारखीच, आणि आमच्या जुन्या कारकुनाप्रमाणेंच तेथला कारकूनहि शेवटची पै सोडीत नाहीं. ज्यास कीर्द व खतावणी चाळण्याची संवय आहे, त्यास हीं पानें परकीं वाटणार नाहींत.

आतां हे हिशेब जळाल्याचा प्रवाद पाहूं. वस्तु दिसत नाहीं तोंवर तिच्याविषयीं वाटेल तें बोलतां येतें, आणि हिशेब जळाले असें एकदां ठरल्यावर खर्चाचा आंकडा ज्यानें त्यानें आपल्या रागाच्या मानानें ठरवावा हें ओघानेंच आलें. राज्यक्रांतीच्या काळांत मिराबो यानें आपल्या मतदारांस उद्देशून लिहितांना व्हर्सायचा खर्च १२० कोटी लिव्र सांगितला. व्होल्ने यानें तो १४० कोटींवर नेला. १८०१ सालीं गियोमो नांवाच्या एका वृद्ध शिल्पज्ञानें या आंकड्यांस हरकत घेतली. त्याचा आधार म्हणजे मांसारच्या हाताखालीं इमारतखात्यांत कारकून असलेल्या मारिन्ये याचें एक हस्तलिखित. त्यांत १६६४ पासून १६९० अखेरपर्यंतच्या इमारतखर्चाचे गोषवारे होते, आणि त्यांप्रमाणें व्हर्साय व त्याच्या अंगभूत इमारती यांवरील खर्च ८ कोटी ११ लाखांच्या किंचित् वर भरतो. यूर नदीचें पाणी आणण्याच्या कामाचे सुमारें ८६ लाख व मार्लीच्या जलयंत्राचे सुमारें ३७ लाख हे निराळे. हे सर्व मिळवूनहि बेरीज साडेनऊ कोटींच्या आंतच राहते. मिराबोचा आंकडा याच्या बारापटींहून अधिक आहे.

तथापि मारिन्येचा कागद हा गोषवारा होता, अस्सल वही नव्हे. शंका घेणारास जागा होती. ती जागा झूल गिफ्रे यानें बंद केली. त्यानें १६६४ पासून १७१५ पर्यंतच्या मूळ वह्या १८८१ ते १९०१ या वीस वर्षांत पांच खंडांत छापून काढिल्या. गिफ्रेनें प्रस्तावनेंत पांडित्य दाखविलें असतें आणि वह्या संक्षेपानें दिल्या असत्या तर त्याची वाहवा अधिक झाली असती. त्यानें उलट केलें, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहों. ज्या कागदांची राख झाली म्हणून दीडशें वर्षें लोक सांगत आले, ते कागद आपल्या कपाटांत स्वस्थ पडून होते. कोणी जाऊन पाहिलें नाहीं, इतकेंच.

या वह्यांवरून निघणारें पहिलें अनुमान असें कीं, राज्याचें दिवाळें राजवाड्यानें काढिलें नाहीं. १६६४ ते १६९० या २७ वर्षांत व्हर्सायवरील खर्चाची वार्षिक सरासरी ३० लाख लिव्र पडते. लुई वारला तेव्हां राज्यावर कर्ज होतें २०० कोटींहून अधिक. तें कर्ज युद्धांचें होतें, आणि त्यांतलेंहि बहुतेक शेवटच्या दोन मोठ्या युद्धांचें. येथें एक सावधगिरी मात्र घेतली पाहिजे. इमारतखात्याची वही ही इमारतखात्याचीच वही आहे. दरबाराचें खानपान, नोकरचाकर, घोडे, नेमणुका व बक्षिसें यांचा खर्च तींत नाहीं. लुईचे कैवारी ८ कोटींचा आंकडा दाखवून राजवाडा स्वस्तांत पडला असें म्हणतात, तेव्हां ते वाड्याचा खर्च व वाड्यांतल्या संसाराचा खर्च यांची गल्लत करितात. हजारों माणसें वर्षानुवर्षें एका छपराखालीं राजाच्या आश्रयानें राहत असत, त्यांचा हिशेब दगडविटांच्या वहींत कोठून सांपडणार?

दुसरें अनुमान आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. व्हर्साय हा एका महत्त्वाकांक्षी राजानें पहिल्याच दिवशीं डोळ्यांसमोर आणून मग सिद्धीस नेलेला संकल्प होय, असें चित्र रंगविण्यांत येतें. वह्या तें चित्र पुसून टाकितात. काम तुकड्यातुकड्यांनीं झालें आहे. केलें, मोडलें, पुन्हां केलें असें झालें आहे. १६६५ सालीं खुद्द कोलबेरनें राजास एक पत्र लिहिलें. व्हर्साय ही जागा राजाच्या करमणुकीची आहे, कीर्तीची नव्हे. पॅरिसमधील लूव्ह्रचा राजवाडा मात्र उपेक्षित पडला आहे. आणि एवढ्या मोठ्या राजाची उंची पुढील पिढ्यांनीं व्हर्सायच्या गजानें मोजावी हें दुःखदायक होय, असा त्याचा आशय आहे. पुढें ज्या वास्तूमुळें लुईचें नांव घरोघर झालें, तिला विरोध करणारा पहिला माणूस तिचा हिशेब ठेवणाराच होता! १६६८ पासून ल व्होनें जुन्या शिकारवाडीस तीन बाजूंनीं दगडी इमारतीचें वेष्टन घातलें. आंतील विटांचा वाडा तसाच ठेविला व तो आजहि मधल्या चौकापाशीं दिसतो. १६७० सालीं ल व्हो वारला. १६७८ पासून मांसारनें त्याची गच्ची झांकून तेथें ७३ मीटर लांबीचा, सतरा कमानींचा आरसेमहाल काढिला. ६ मे १६८२ रोजीं दरबार तेथें कायमचा राहावयास आला तेव्हां गवंड्यांच्या पराती अजून उचललेल्या नव्हत्या. प्रार्थनामंदिर पुरें व्हावयास १७१० साल उजाडलें. राजा तेव्हां बहात्तरीच्या घरांत होता.

याच वह्यांशेजारीं युद्धांचीं सालें मांडून पाहावीं. निमेगेनचा तह १६७८ सालचा. त्यानंतरच्या दहा वर्षांत काम ऐन भरास येतें व १६८५ सालीं खर्चाचा कळस होतो. १६८८ सालीं युद्ध सुरू होतें आणि खर्च कोसळतो. १६८९ च्या डिसेंबरांत तर राजानें आरसेमहालांतील रुप्याचें सामान टांकसाळींत वितळविण्यास धाडिलें. १६९७ सालीं रिझविकचा तह झाल्यावर १६९९ पासून प्रार्थनामंदिराचें काम पुन्हां जोरानें चालू होतें. लुईच्या महत्त्वाकांक्षेस दोन तोंडें होतीं, एक रणांगणाकडे व एक वाड्याकडे, आणि दोन्ही तोंडांस एकाच वेळीं घांस घालणें त्याच्या खजिन्यास जमत नव्हतें. आरसेमहालाच्या छतावर ल ब्रँनें अपोलो किंवा हर्क्युलीस न काढतां राजाच्याच स्वाऱ्या काढिल्या. तो महाल ज्या वेळीं रंगला त्या वेळीं राजा स्वारीवर नव्हता, हें वहीवांचून कळत नाहीं.

हा क्रम ध्यानांत ठेवून सें सिमोंच्या प्रसिद्ध आठवणी वाचाव्या. सें सिमों हा ड्यूक पदवीचा सरदार. १६७५ च्या जानेवारींत जन्मला, १६९१ सालीं दरबारीं आला, १७५५ सालीं वारला. फ्रेंच गद्यांत त्याच्या तोडीचे लेखक थोडे. लुई व त्याच्या भोंवतालचीं माणसें आज आम्हांस जिवंत दिसतात तीं पुष्कळ अंशीं त्याच्या डोळ्यांनीं. त्याच्या आठवणी १६९१ पासून १७२३ पर्यंतच्या काळाच्या असल्या तरी लिहिल्या गेल्या मुख्यतः १७३९ नंतर. दांझो नांवाच्या दुसऱ्या एका दरबाऱ्यानें १६८४ पासून रोजनिशी ठेविली होती. तिची नक्कल सें सिमोंनें मिळविली, तिच्यावर टिपणें लिहिलीं, तिच्या नीरसपणाची टिंगल केली आणि तिच्याच तारखांवर आपला ग्रंथ उभारला. राजानें त्यास अधिकाराची जागा कधीं दिली नाहीं, जुन्या घराण्यांस मागें सारून लेखणीवाल्यांस प्रधानकी दिली, अनौरस मुलांस राजपुत्रांच्या पंक्तीस बसविलें. ही सल त्याच्या पानोपानीं आहे. १७६० सालीं सरकारनें त्याचे कागद ताब्यांत घेऊन परराष्ट्रखात्याच्या दफ्तरांत ठेविले, व ग्रंथ पुरा छापून निघाला तो १८२९-३० सालीं.

त्यानें सांगितलेली त्रियानोंच्या खिडकीची गोष्ट पाहा. व्हर्सायच्या बागेंत त्रियानों नांवाचा छोटा महाल बांधीत असतां एक खिडकी इतरांहून अंमळ अरुंद आहे असें राजाच्या नजरेस आलें. इमारतखातें तेव्हां लूव्ह्वाकडे होतें. त्यानें खिडकी बरोबर आहे असा हट्ट धरिला. ल नोत्रकडून माप घेवविलें. राजाचें खरें ठरलें. राजानें सर्वांदेखत लूव्ह्वास फैलावर घेतलें. लूव्ह्वा घरीं जाऊन म्हणाला कीं, आतां मी बुडालों. राजास इमारतींवरून दूर न्यावयाचें तर त्यास युद्धच दिलें पाहिजे. आणि त्यानें यूरोपभर युद्ध पेटविलें. गोष्ट इतकी सुबक आहे कीं ती खोटी असावी असें कोणास वाटूं नये; आम्हांस मात्र ती सुबक आहे म्हणूनच संशय येतो.

त्रियानोंचें काम १६८७ सालचें. सांगणारा त्या वेळीं बारा वर्षांचा असून दरबारीं आलेलाहि नव्हता. लूव्ह्वा तर सें सिमों दरबारीं आला त्याच वर्षीं, १६९१ च्या जुलैंत, वारला. म्हणजे ही ऐकीव गोष्ट आहे, व ऐकिल्यावर पुष्कळ वर्षांनीं लिहिलेली आहे. हें झालें साक्षीदाराविषयीं. वस्तुस्थिति पाहतां, महालाचें बहुतेक काम १६८८ उजाडेपर्यंत उरकलें होतें, आणि युद्ध सुरू झालें सप्टेंबरांत. कोलोनच्या धर्मपीठाचा वारसा, पॅलाटिनेटवरील हक्क, आणि तुर्कांवर जय मिळवून बादशहाचें सैन्य ऱ्हाइनकडे वळेल ही भीति, अशीं या युद्धाचीं कारणें आहेत. बेलग्रेड बादशहाच्या हातीं पडलें तें त्याच सप्टेंबरांत. शिवाय लूव्ह्वा युद्धमंत्रीहि होता व इमारतींचा अधिकारीहि. युद्धानें त्याचें एक खातें फुगलें तरी दुसरें वाळून गेलें. रागावलेल्या धन्याची मर्जी राखण्यासाठीं माणूस आपल्याच खात्याचा गळा दाबील, हें अशक्य नाहीं. पण त्यास सें सिमोंच्या वाक्यापेक्षां बळकट पुरावा हवा. तो नाहीं. खिडकीवरून शब्दाशब्दी झाली असेल, लुईची नजर या बाबतींत तीक्ष्ण होती. युद्ध मात्र खिडकींतून आलें नाहीं.

आमच्या वाचकांस येथें राजवाड्यांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेच्या पहिल्या खंडास जोडलेल्या प्रस्तावनेंत त्यांनीं बखरींची जी झडती घेतली, तिचें सूत्र हेंच होतें: लिहिणारा कोण, केव्हां लिहितो, आणि त्याच्या पुढ्यांत कागद होता काय. सें सिमों हा फ्रान्सचा बखरकार आहे, व थोर बखरकार आहे. पण बखर ती बखर.

परंतु वही मिळाली म्हणजे सत्य मिळालें, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. वहीस फक्त पैसा दिसतो. ज्याच्या नांवें पैसा पडला नाहीं तो तिला दिसत नाहीं. दांझोच्या रोजनिशीप्रमाणें १६८४ च्या ऑगस्टांत व्हर्सायवर २२ हजार माणसें व ६ हजार घोडे खपत होते, आणि १६८५ च्या मे महिन्याच्या अखेरीस व्हर्साय व आसपास मिळून ३६ हजार माणसें कामावर होतीं. पहाडावरून पडून मेलेल्या गवंड्याच्या विधवेस, हातपाय मोडलेल्या मजुरास कांहीं रक्कम दिल्याच्या नोंदी इमारतखात्याच्या वह्यांत आहेत, व लुईचे कैवारी त्या आवर्जून दाखवितात. तापानें मेलेल्यांच्या नोंदी नाहींत, कारण तापास भरपाई नव्हती. मादाम द सेव्हिन्ये हिनें १६७८ च्या ऑक्टोबरांतील एका पत्रांत, मजुरांचीं प्रेतें रात्रीं गाड्या भरभरून नेतात असें लिहिलें आहे. तिनें गाड्या पाहिल्या असें ती म्हणत नाहीं. पण तें पत्र त्याच महिन्यांतलें आहे, साठ वर्षांनंतरचें नव्हे, व छापण्यासाठीं लिहिलेलें नव्हे. अशा पत्रास आम्ही वहीच्या खालोखाल जागा देतों.

यूर नदीच्या कामाची हकीकत याहून गंभीर आहे. बागेंतील कारंज्यांस पाणी पुरेना. सेन नदीवर चौदा चाकांचें मार्लीचें यंत्र १६८४ सालीं चालू झालें. तें पाणी दीडशें मीटरांहून अधिक उंच चढवीत असे, तरी पुरेना. म्हणून १६८५ सालीं यूरचें पाणी मँतनों येथील दरीवरून कमानींच्या पुलानें आणावयाचें ठरलें व त्या खोदकामावर पलटणीच्या पलटणी लाविल्या. छावणींत रोगराई माजली. सें सिमों लिहितो कीं सैनिक मोठ्या संख्येनें मेले आणि त्याविषयीं बोलण्याचीहि बंदी होती. येथें हाच सें सिमों आम्हांस विश्वसनीय वाटतो, कारण येथें तो एकटा नाहीं. मादाम द ला फायेत हिनें १६८८-८९ च्या दरबाराच्या आठवणींत या कामाचा व त्या आजाराचा उल्लेख केला आहे, आणि तिचा सें सिमोंशीं कांहीं संबंध नाहीं. पलटणींचा नित्य खर्च युद्धखात्याचा. इमारतखात्याच्या वहींत दिसतात ते ८६ लाख लिव्र. तेथें मेलेल्या शिपायांची गणती त्या वहींत शोधणें व्यर्थ आहे. ८६ लाखांचा आंकडा बरोबर असूनहि यूरच्या कामाची किंमत म्हणून तो अपुरा आहे.

अग्नीची गोष्ट अद्यापि पुरी झाली नाहीं. लुईनें कागद जाळिलेच नाहींत काय? जाळूं पाहिले, पण ते हिशेबाचे नव्हते. तरुणपणीं त्यानें आपल्या मुलास राज्यकारभार शिकविण्यासाठीं स्वतःच्या आठवणी तयार करविल्या होत्या. मजकूर त्याचा, लेखणी बरीचशी पेरिन्यी व पेलिसों या दोघांची. आज राहिलेला भाग मुख्यतः १६६१-६२ व १६६६ ते १६६८ या सालांचा. सूर्य हें आपलें चिन्ह कां निवडिलें याचा खुलासा त्यांत आहे, आणि कीर्तीच्या लालसेची कबुली इतकी उघड आहे कीं निंदकासहि त्यांत भर घालण्याचें कारण पडूं नये. १७१४ सालीं, मुलगा व नातू दोघेहि वारल्यावर, म्हाताऱ्या राजानें हे कागद विस्तवांत टाकावयास घेतले. नोआय हा सरदार जवळ होता; त्यानें विनवून ते मागून घेतले, १७४९ सालीं राजाच्या ग्रंथालयांत ठेविले, व ते छापून निघाले १८०६ सालीं. ज्याच्या माथीं हिशेब जाळल्याचा आरोप आला त्यानें स्वतःची बढाई जाळावयास काढिली होती आणि हिशेबास हात लाविला नव्हता, ही गोष्ट त्याच्या चरित्रकारांनीं यापेक्षां अधिक मनावर घ्यावयास पाहिजे होती.

लुईच्या स्वदस्तुरचा आणखी एक छोटा कागद आहे, व आम्हांस तो या आठवणींहून अधिक बोलका वाटतो. व्हर्सायच्या बागा पाहुण्यांस कोणत्या क्रमानें दाखवाव्या याविषयीं १६८९ ते १७०५ या काळांत त्यानें अनेकदां टिपणें केलीं. त्यांतील एक त्याच्या हातचें आहे. वाड्यांतून गच्चीवर यावें, अमुक ठिकाणीं थांबावें, अमुक बाजूस वळून अमुक कारंजें पाहावें, अशा सूचनांपलीकडे त्यांत कांहीं नाहीं. सूर्य नाहीं, कीर्ति नाहीं. हा क्रम वाचतांना ध्यानांत ठेवावयाचें तें एवढेंच कीं सगळीं कारंजीं एकदम चालविण्याइतकें पाणी व्हर्सायला कधींच नव्हतें. राजा जवळ येतांच कारंजेवाले शीळ घालून एकमेकांस इशारा देत, पुढलें कारंजें सोडीत व मागलें बंद करीत. पहिलें टिपण १६८९ सालचें आहे. मँतनोंच्या कमानींवरील काम आदल्याच वर्षीं थांबलें होतें. पलटणी ऱ्हाइनकडे गेल्या त्या परत आल्या नाहींत, आणि त्या अर्धवट कमानी तेथें आजहि कोरड्या उभ्या आहेत.